ओतून द्यायचं पाणी

लातूरचा नवा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. कचेऱ्यांना पाट्या लागल्या, साहेब आले, जमीन मोजणीच्या साखळ्या आल्या. पाऊस तेवढा यायचा राहिला. उदगीरकडच्या त्या गावातला ओढा आटून पांढराफटक पडला होता. ओढ्याकाठची अर्धा एकर खारवट जमीन कोंडाबाईची. तिथं कुसळ उगवत नसे, पण तिचा बाप गुंडप्पा लोणारी निजामाच्या राज्यात त्याच मातीतून मीठ काढायचा, आणि लहानपणी कोंडाबाई त्याच्या हाताखाली राबली होती.

त्यामुळे करीम मास्तर वही घेऊन दारात आले तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली. मास्तर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. गावच्या जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत मातीच्या मिठाचं संग्रहालय करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं.

"मावशी, तुमच्या वडिलांची रीत सांगा," ते म्हणाले. "जशी सांगाल तशी लिहितो."

"आन् माती कुठली, ते बी लिवणार?"

"हाव, लिहावं लागंल की."

झालं. ह्याचा डोळा आपल्या जमिनीवर आहे, हे तिनं तिथंच ठरवून टाकलं. नाहीतर चिमूटभर मिठापायी शिकलेला माणूस एवढ्या उन्हात तंगडतोड कशाला करील?

तिनं सांगितलं सगळं. माती खरवडायची, तळाला गवत अंथरलेल्या खड्ड्यात भरायची, वरून पाणी सोडायचं, खाली झिरपलेलं खारं पाणी मडक्यात आटवायचं. "पार कोरडं हुईस्तर आटवायचं," ती म्हणाली. तेवढंच खोटं होतं. कण तळाला बसले की वरचं उरलेलं कडवट पाणी ओतून द्यायचं, ही खरी मेख. मीठखात्याचा शिपाई खोदून विचारू लागला की गुंडप्पाही असंच सांगायचा, आणि शिपायानं घरी करून पाहिलेलं मीठ कुत्रंही चाटायचं नाही.

महिन्याभरानं मास्तर दोन पोती माती मागायला आले. आज पोतं नेणारा उद्या जमीन नेईल, असं तिच्या मनात आलं. तरी नाही म्हणवेना. ते माती भरून जाईपर्यंत ती बांधावरून हलली नाही.

उद्घाटनाला ती गेली ती पाळत ठेवायला. दारावरची पाटी शेजारच्या शिवप्पानं तिला वाचून दाखवली: गुंडप्पा लोणारी यांची मीठ काढण्याची रीत. जमिनीचं नाव नव्हतं. तिनं त्याला पाटीची मागची बाजूही बघायला लावली.

अंगणात दोन चुली पेटल्या होत्या. एक मडकं कोरडं झालं होतं, दुसरं अजून खदखदत होतं. टँकरच्या पाण्यातल्या आपल्या घरच्या दोन घागरी मास्तरांनी ह्यासाठी दिल्या, असं कुणीतरी म्हणालं.

कोरड्या मडक्यातलं मीठ पळसाच्या पानावरून फिरलं, आणि एकेकजण थुंकू लागला.

"गुंडप्पा गावाला ह्येच खाऊ घालत व्हता व्हय?" शिवप्पा हसत म्हणाला.

मास्तरांचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं असंल," ते म्हणाले. "मावशींनी बरोबर सांगितलं होतं."

ती गप्प बसली असती तर सुटली असती. पण बापाच्या नावाच्या पाटीखाली लोक थुंकत होते, आणि ज्याच्यावर तिनं इतके दिवस पाळत ठेवली तोच तिची लाज झाकत होता. तिला स्वतःचीच चीड आली.

"मास्तराचं न्हाई चुकलं," ती उठून म्हणाली. "म्या खोटं सांगितलं."

तिनं दुसऱ्या मडक्याखालचा जाळ ओढला, पदरानं कड धरली आणि वरचं पिवळसर पाणी हळूहळू मातीत ओतून दिलं. असल्या दिवसांत पाणी सांडताना बघून बायका हळहळल्या. तळाचे ओले कण निवल्यावर तिनं ते मास्तरांच्या तळहातावर ठेवले. मास्तर थुंकले नाहीत. मग शिवप्पानंही हात पुढं केला.

"आता लिहू, मावशी?"

"लिवा. पण वाचून दावा."

मास्तरांनी लिहिलं आणि वाचलं. तिनं वही काढून घेतली, शिवप्पाच्या हातात दिली आणि त्यालाही वाचायला लावली. दोघांचं शब्दाला शब्द जुळलं, तेव्हा मात्र तिला हुंदका आवरेना. शिपायांचे फटके खाऊनही बापानं जे सांगितलं नव्हतं, ते तिनं वहीवाल्या माणसाला आपण होऊन सांगितलं होतं.

"नको असंल तर खोडतो," मास्तर हळूच म्हणाले आणि वही परत घेऊन त्यांनी त्या ओळीवर पेन टेकवलं.

कोंडाबाईनं त्यांचा हात धरून पेन ओळीवरून बाजूला केलं.