एक बोट आणि बेचाळीस पावलं

मी शॉकअप बोलतोय. गाडीचा शॉकअप, मागचा, डावा. लगेच तोंड वाकडं करू नका. हॉर्न बोलला की सगळे बाजूला होतात, इंजिन बोललं की बॉनेट उघडतात. मी बोललो की म्हणतात, "मागं कायतरी वाजतंय," आणि गाण्याचा आवाज वाढवतात.

माझा जन्म कारखान्यातला. एक नळी, आत तेल, मधे दांडा, एवढंच माझं अंग. शेजारी जोडीदारीण मिळाली ती लांबसडक स्प्रिंग. खड्डा आला की तिनं उसळायचं आणि मी आवरायचं. "बास की आता!" असं मी म्हणायचं आणि तिनं आणखी एक उडी मारूनच ऐकायचं. आमचा संसार असा नऊ वर्षं चालला. माणसांचे फार वेगळे चालतात असं मला तरी दिसलं नाही.

आमचे मालक भिंगारचे आबासाहेब. बत्तीस वर्षं त्यांनी साहेबलोकांच्या गाड्या चालवल्या. साहेब मागे डावीकडे, आबा पुढे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली, चावी मुलाच्या, योहानच्या हातात दिली आणि स्वतः ऐटीत मागे डावीकडे जाऊन बसले. म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर! "चलो," एवढंच म्हणाले. त्यांच्या पत्नी मरियाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. त्या दिवसापासून आबांच्या कंबरेला धक्का लागू द्यायचा नाही, हे मी माझं काम मानलं.

पण कंबर आधीच गेलेली होती. गेल्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, धक्का बसता कामा नये. घरी आल्यावर आबांनी एकच हट्ट धरला. लेकीचं, आराधनाचं लग्न मे महिन्यात ठरलेलं. तिचा हात धरून चर्चमध्ये चालत जायचं, आणि तेही काठी न घेता.

चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत बेचाळीस पावलं. घरामागच्या मोरीपासून पुढच्या फाटकापर्यंतही बेचाळीसच. रोज संध्याकाळी आबा मोठ्यानं मोजत चालायचे. आधी अठरावर बसायचे, मग तिसावर. मी अंगणात उभा राहून मनातल्या मनात मोजायचो. एप्रिलमध्ये एकदाचं "बेचाळीस" ऐकलं आणि मला रडूच आलं. पण आमच्यात रडलं की लोक म्हणतात लीक झाला, म्हणून गप्प बसलो.

इकडे योहानला वेगळंच खूळ. पोरगा शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, चारचौघांत शहाणा. पण गाडीचा विषय निघाला की शहाणपण डिकीत ठेवतो. कुणाची तरी मुद्दाम खाली, जमिनीलगत बसवलेली गाडी पाहिली आणि याच्या मनानं घेतलं. बहिणीच्या लग्नात आपलीही गाडी तशीच दिसली पाहिजे!

गॅरेजवाल्या सुनीलनं त्याला समजावलं. "सर, आखूड स्प्रिंगा टाकायच्या तर शॉकअप बी आखूड टाका. हे लांब मापाचे हायेत. ह्यांना दबायला जागाच राह्यची न्हाई."

"अरे, शॉकअप तर ठणठणीत आहेत! इतका चांगला माल कशाला काढायचा?"

आता खोटं कशाला बोलू? त्या "ठणठणीत"वर मीही भुललो. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी कौतुक केलं होतं.

माझी स्प्रिंग काढली आणि शेजारी एक लाल, ठेंगणी, ताठ बया आणून बसवली. माझा दांडा अर्धा आत गेला. उकिडवं बसवून "आता पळ" म्हणावं, तशी माझी गत. खाली रबराचा एक गुटका असतो, धक्का फारच मोठा आला तर शेवटचा आधार म्हणून. तो आता दोन इंचांवर आला होता.

योहाननं गुडघे टेकून टायर आणि मडगार्डच्या मधे बोट घातलं. "एक बोट! बरोबर एक बोट!" म्हणून नाचला. अहो, पण शहाण्यानं मोजली ती रिकामी गाडी! या घरातून रिकामी गाडी फक्त सर्व्हिसिंगला निघते. एरवी माणसं मावली की डबे, आणि डबे मावले की अजून एक माणूस.

माझी जुनी स्प्रिंग मरियाबाईंनी घरात नेली आणि तिच्यावर पाण्याचा माठ ठेवला. "निदान माठ तरी हलत नाही," म्हणाल्या.

लग्नाचा दिवस उजाडला. मागे कोट घातलेले आबा, पांढऱ्या साडीत आराधना आणि कर्जतहून आलेल्या साळूबाई आत्या. साळूबाई म्हणजे भरलं पोतं, आणि मांडीवर लाडवांचा डबा. पुढे योहान आणि मरियाबाई. डिकीत गाणाऱ्यांची पेटी-तबला. त्या एका बोटाची जागा केव्हाच संपली, नखसुद्धा शिरेना.

घरापासून चर्चपर्यंत पाच स्पीडब्रेकर. पहिल्यावर गाडी चढली, खाली आदळली, पोट खर्रकन घासलं आणि मी सरळ गुटक्यावर आपटलो. धक्का पुढे गेला. माझ्यातून सीटमध्ये आणि सीटमधून आबांच्या कंबरेत.

आबांनी नुसती काठी घट्ट धरली आणि डोळे मिटले. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दादा, थांबव!" आराधना म्हणाली. "अजून चार आहेत. आबा चालणार कसे?"

योहानचा चेहरा पडला. "आबा, तुम्ही उतरता का?"

"उतरायचं आन् चढायचं, त्यातच कंबर जाईल माझी," आबा म्हणाले. "मी बसतो. बाकी सगळे उतरा."

मग काय! दुसरा स्पीडब्रेकर आला. नवरी उतरली, मरियाबाई उतरल्या, साळूबाई डब्यासकट उतरल्या. साळूबाई उतरताच गाडी चार बोटं वर आली. गाडीत उरले योहान, आबा आणि खाली मी. स्पीडब्रेकर ओलांडला की सगळे पुन्हा आत.

तिसऱ्याला एका फळवाल्यानं विचारलंच, "मावशी, नवरी गाडीमागं चालती, ही तुमच्यातली पद्धत हाय का?"

"व्हय," साळूबाई म्हणाल्या. "भावानं गाडी सजवली की बहिणीनं चालायचं आसतं. लई जुनी पद्धत हाय." आराधना हसून हसून वाकली. योहानचे कान मात्र लाल झाले.

पाचवा स्पीडब्रेकर सगळ्यात उंच. योहाननं गाडी तिरकी घेतली, गोगलगाईसारखी. सगळं ओझं माझ्या कोपऱ्यावर आलं. मी ठरवलं, बाबा, काय व्हायचं ते माझं होऊ दे. होता नव्हता तो दम लावून सावकाश दबलो. आत काहीतरी फाटलं, तेल सुटलं. पण गुटक्याला टेकलो नाही.

वर आबांनी सावकाश श्वास सोडला. "याला म्हणतात गाडी चालवणं," म्हणाले. कौतुक योहानचं झालं. होऊ दे!

चर्चच्या आत काय चाललंय ते मला दिसेना. पेटी ऐकू आली, गाणं ऐकू आलं. मी बाहेर तेल गाळत मोजत राहिलो. तीस, एकतीस... मग माझ्या ध्यानात आलं. काठी सीटवरच होती.

सगळं आटोपल्यावर साळूबाई आधी बाहेर आल्या, डोळे पुसत. योहानच्या पाठीवर धपाटा घालून म्हणाल्या, "चालला बघ माझा भाऊ! न थांबता! आन् तू कशाला रडतो?"

आबांनी गाडीखालचा तेलाचा डाग पाहिला. बत्तीस वर्षांचा ड्रायव्हर तो, त्याला सांगायला नको. म्हणाले, "योहान, कंबर ह्या शॉकअपनं वाचवली माझी."

"चुकलं माझं, आबा."

"चुकलं न्हाई. अर्धंच मोजलंस."

आठवड्यानं माठ खाली उतरला आणि माझी जोडीदारीण गाडीत परत गेली. तिच्या शेजारी नवा शॉकअप आला. सुनीलनं माप घ्यायला हात पुढे केला तशी आबांनी त्याला थांबवलं. आधी सगळ्यांना गाडीत बसवलं, साळूबाईंना डब्यासकट, आणि मग म्हणाले, "हां, आता घाल बोट."

मला भंगारात टाकणार होते. आबांनी टाकू दिलं नाही. हल्ली मी फाटकापाशी पडून असतो. वाऱ्यानं फाटक लागू नये म्हणून अडण म्हणून लावलंय मला. गाडी जाता-येता स्प्रिंगची भेट होते. अजून तशीच उड्या मारते बया, त्या नव्याला काही आवरत नाही.

तुमची गाडी खुशाल सजवा, रंगवा. फक्त तिचं माप घेताना आपली माणसं आत बसवून घ्या, एवढंच माझं मागणं.

चला, संध्याकाळ झाली. मोरीकडून आबांचा आवाज जवळ जवळ येतोय. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस... आता ते चपलेच्या टोकानं मला हळूच टोचतील आणि म्हणतील, "बेचाळीस."