तुरीतला गोळीबार

पंचनामा : सकाळी साडेसहा वाजता आरोपी महिलेने मचाणावरून पोलीस पथकाच्या दिशेने गोळीबार केला.

भागिरथा रोजच त्या वेळी बार काढायची. प्लास्टिकचा पाइप, आत कार्बाइडचा खडा, वर पाण्याचे चार थेंब, मागं लायटर. धाडकन आवाज. गोळी नाही, छर्रा नाही. इंझोरीच्या शिवारात रोही, म्हणजे नीलगायी, पळवायला घरोघरी हाच पाइप. त्या दिवशीही कळप पळाला. कळपामागं, नाल्यातून चढलेले चाळीस पोलीस तुरीत आडवे झाले, ते तिला मागाहून दिसलं.

सौर कंपनीसाठी गायरान मोकळं करायचं होतं. म्हणजे भागिरथानं चाळीस वर्षं कसलेली तीन एकर. कोर्टात स्थगितीची सुनावणी सोमवारी, म्हणूनच हे शुक्रवारी आले. जेसीबी घेऊन.

पंचनामा : वारंवार आवाहन करूनही आरोपीने शस्त्र खाली ठेवले नाही.

भोंग्यावर "शस्त्र टाका" ऐकून तिनं आधी मागं वळून पाहिलं, कोणाला म्हणतायत. मग बंदुकांची तोंडं दिसली आणि तिचं डोकंच फिरलं. तीन वर्षं रोह्यांनी तूर खाल्ली. तीन वर्षं तिनं नुकसानीच्या पंचनाम्यासाठी अर्ज दिले. कोतवालसुद्धा फिरकला नाही. आज अख्खं सरकार तिच्या वावरात पोटावर झोपलं होतं!

आणि पाइप हातात होता तोवर जेसीबी जागचा हलत नव्हता. तिनं पाइप घट्ट धरला.

पंचनामा : दहा वाजता पथकाने जिवाची पर्वा न करता

दहा वाजता शिपाई सुकेशनी उठली, वर्दीची माती झटकत मचाणाखाली आली. ती रिठदची, शेतकऱ्याची पोर.

"मावशी, माह्या बापाकडंबी हाच पाइप हाये. उतर आता."

भागिरथा उतरली. पथकाच्या साहेबांनी पाइपात डोकावून पाहिलं. चाळीस जण साडेतीन तास यापुढं झोपले, हे वर कसं कळवायचं? गावठी बंदूक लिहा, ते म्हणाले.

"पाइप लिवा," भागिरथा म्हणाली. "खोट्यावर मी सही करनार नाही."

साहेबांनी जेसीबीवाल्याला हात केला. तेव्हा सुकेशनीनं चाचरत नियम सांगितला. गोळीबार लिहिला, तर तपासणीची माणसं येईपर्यंत जागा जशीच्या तशी ठेवावी लागते. पाइप लिहिला, तर गुन्हाच नाही, मशीन आत्ता घालता येईल.

साहेबांनी वर केलेला हात खाली घेतला. मातीनं माखलेल्या चाळीस वर्द्या त्यांच्याकडं बघत होत्या.

भागिरथानं हळूच विचारलं, "ते तपासनारे सोमवारच्या आत येतीन का वं?"

"मावशी, सरकारी मानसं हायेत ते."

खरं सांगून वावर जाणार होतं. खोट्यानं सोमवारपर्यंत तरी राहणार होतं. असला न्याय तिनं मुकाट गिळला, पण तोंड कडू झालं.

"मंग लिवा बंदूक."

जीपमध्ये चढताना ती तुरीत पहाऱ्याला ठेवलेल्या दोन शिपायांपाशी थांबली.

"साडेसहाले रोही येते. पाइप तर तुमी जप्त केला. आता तुमीच हाकला."