थाक बाईंच्या गाण्याच्या वर्गाची गुलाबी स्किन

मित्रांनो, संगणकावर गाणं लावलं की पडद्यावर जी बटणं दिसतात, ती ज्या अंगरख्यावर टाकलेली असतात तो अंगरखा म्हणजे मी. मला स्किन म्हणतात. गाणं वाजवणारा प्लेअर निराळा. तो आत बसून काम करतो, मी नुसती दिसते. पण माणसं दिसण्याला किती भाव देतात, ते माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. आता मी जुनी झाले आहे, म्हणून निवांत सांगते.

माझा जन्म थोंग्यंग शहराच्या बंदराजवळ, ज्येष्ठांच्या एका केंद्रात झाला. मला रंगवलं बांग काकांनी. हयातभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि पाट्या छापून मिळायला लागल्यावर केंद्राच्या संगणक वर्गात येऊन बसले. कुणाची तरी तयार स्किन उतरवून घेतली आणि तिच्या चित्रावर आपला हात चालवला. लाकडी रंगाचं अंग, मोठाली पिवळी बटणं आणि गाण्याचे शब्द दाखवायला पाटीएवढी खिडकी. ती खिडकी खास बुनी आजीसाठी. गुरुवारच्या गाण्याच्या वर्गातली ती सगळ्यांत थोरली. डोळे अधू, आवाज मात्र मासळीच्या लिलावात कमावलेला. प्लेअरच्या मूळ पोशाखातली अक्षरं तिला मुंग्यांसारखी दिसायची. माझ्यात ती वाचता आली तेव्हा तिने सगळं गाणं उभं राहून म्हटलं, आणि बसायचं विसरून पुढचंही म्हटलं.

वर्ग होता थाक बाईंचा. तरुणपणी त्या लग्नाच्या हॉलमध्ये गायच्या. त्यांनी मला कधी शाबासकी दिली नाही, पण माझ्यावर माउसची टिचकी कधी चुकून दोनदा मारली नाही. माझ्या हिशेबी हे शाबासकीहून मोठं. कौतुक करणारे पुष्कळ होते आणि त्यांतले निम्मे चुकीचं बटण दाबून वर माझ्याकडेच रागाने बघायचे.

संकट आलं ते टेबल टेनिसवाल्यांच्या रूपाने. केंद्रात मोठा पडदा असलेला हॉल एकच, आणि त्यांचा कप्तान योम याला गुरुवारी तोच हवा होता. संचालक कुणालाच नाही म्हणायचे नाहीत. ते म्हणाले, “वार्षिक कार्यक्रमात बघू. गाण्याचा वर्ग रंगला तर हॉल त्यांचा. नाहीतर बाई, तुम्ही तळघरातल्या खोलीत जा.” तळघरात पडदा नव्हता. म्हणजे बुनी आजीचं गाणं संपलंच.

वर्गाने कंबर कसली. आज्यांनी बाजारातून सगळ्यांसाठी एकसारखी जाकिटं आणली, गुलाबी. नुसती गुलाबी नव्हे, अशी की समोरून आलेला माणूस डोळे मिचकावून बाजूला व्हावा. मग बुनी आजी बांग काकांच्या मागे लागली.

“आम्ही सगळ्या नटलो आणि पडद्यावरची बटणं तेवढी कावीळ झाल्यासारखी पिवळी? रंगव हिलाही.”

काकांनी संगणकावरची रंगांची पेटी उघडली. आजीने जाकिटाची बाही पडद्याला लावून धरली.

“हा?”

“फिका.”

“हा?”

“अरे, तू कुणाच्या मयताला निघालायस का? अजून भडक!”

असं करत करत काका पेटीच्या टोकाला पोचले. त्याच्यापुढे रंगच नव्हता. चित्रातली माझी सगळी बटणं त्या रंगात न्हाली आणि आज्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही मनातून फुलले होते, खोटं कशाला सांगू?

आदल्या दिवशी रंगीत तालीम होती. मोठा पडदा उजळला आणि थाक बाईंनी मला लावलं. माझ्या बटणांच्या जागी फुलं दिसत होती. एका बटणात पाइनचं झाड, एकात चंद्र, एकात लाल टोपीचा सारस.

“वा काका! सारससुद्धा काढलात!” कुणीतरी म्हणालं.

“मी कुठे काढला?” काका चरकले.

थाक बाईंनी सुरू करायचं बटण दाबलं. गाणं सुरू झालं नाही. मी मागे ढकलले गेले आणि सगळ्या हॉलसमोर पत्त्यांचा डाव उघडला. पाइन, चंद्र, सारस, सगळे पत्तेच! केंद्राचे कारकून मो साहेब त्याच संगणकावर माझ्या पाठीमागे ह्वाथूचा, म्हणजे फुलाझाडांच्या पत्त्यांचा, डाव चालू ठेवून चहाला गेले होते.

“हरतोय की हा,” बुनी आजी पडद्याजवळ जाऊन म्हणाली. सगळे हसले. थाक बाई हसल्या नाहीत.

मग दुरुस्ती सुरू झाली. संगणक शिकवणारे गुरुजी आले. त्यांनी प्लेअर बंद करून चालू केला, काढून पुन्हा बसवला, पडद्याची वायर हलवून पाहिली. ज्याला काही सुचत नाही तो वायर हलवतो, ही माझी जुनी नोंद आहे. मी तशीच, भोकाभोकांची. शेवटी गुरुजींनी मला उतरवून प्लेअरला त्याचा मूळ पोशाख घातला. सगळं सुरळीत चालू लागलं.

“म्हणजे दोष स्किनमध्येच आहे,” गुरुजी म्हणाले. “उद्या साधीच वापरा.”

योम कप्तान दारात उभा होता. “साधी बरी की,” तो म्हणाला. “तळघरात काय, कशीही चालेल.”

मूळ पोशाखातली मुंगीएवढी अक्षरं बघून बुनी आजी खुर्चीकडे परतली. जाकिटाचं बटण लावत आणि काढत बसली. मित्रांनो, फेकून दिलं याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. आजी गप्प झाली याचं वाटलं.

थाक बाईंनी मात्र मला परत लावलं. मला धरून पडद्यावर इकडून तिकडे सरकवलं. माझ्या बटणांतली चित्रं बदलत गेली. डावावरून सरकले की पत्ते, बाहेर आले की मागच्या फोटोतला समुद्र.

“काका, हा रंग बिघडलेला नाही,” बाई सावकाश म्हणाल्या. “इथे रंगच नाही. आरपार दिसतंय. माझी टिचकीसुद्धा आरपार गेली.”

“पण मी रंगवलाय ना! धुतल्यासारखा निघून कसा जाईल?”

“निघाला नाही, कापलाय. कडा बघा किती सरळ आहेत.”

काका पुढे वाकले. कापलेल्या कडा पाहून त्यांना पाट्यांचे दिवस आठवले असणार. पत्र्यात अक्षरं कापायची आणि वरून रंग मारायचा. त्यांनी माझं मूळ चित्र उघडलं. माझे चारही कोपरे गोल आहेत, आणि चित्रात त्या कोपऱ्यांबाहेर पहिल्यापासून एक रंग भरलेला होता. काकांना तो कागदाचा समास वाटायचा. तोच भडक गुलाबी.

“अहो गुरुजी! हा रंग म्हणजे कात्री आहे का?”

गुरुजींनी कपाळावर हात मारला. “आहे! प्लेअरला सांगितलेलं असतं, हा रंग दिसला की तिथे काही नाही असं समज. मुद्दाम असा रंग निवडतात, की शहाणा माणूस तो कधी वापरणारच नाही.”

हॉलमध्ये पंचवीस-तीस जाकिटं एकदम गुरुजींकडे वळली.

“काय म्हणालास रे?” बुनी आजीने विचारलं.

“काही नाही, आजी. छान आहे रंग.”

“दुसरा गुलाबी लावू का, जरा मऊ?” काकांनी भीतभीत विचारलं.

“खबरदार!”

मग काकांनी त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत बारीक काम केलं. बटणांच्या रंगातला लाल अंश एका पायरीने, फक्त एका, खाली आणला. आजीने बाही लावून पाहिली. तिला फरक दिसला नाही, मला दिसला नाही, कुणालाच दिसला नाही. पण प्लेअरला दिसला. त्याच्या लेखी हा आता कात्रीचा रंग राहिला नव्हता. माझी बटणं भरून आली. थाक बाईंनी दाबलं आणि गाणं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी हॉल खच्चून भरला होता. मी मोठ्या पडद्यावर उभी राहिले. माझ्या समोर तोच रंग ल्यालेल्या बायकांची रांग होती, आणि त्या रांगेच्या मधोमध बुनी आजी. थाक बाईंच्या टिचक्या एकेक करून माझ्यावर पडत होत्या आणि एकही वाया जात नव्हती. शब्द माझ्या खिडकीतून सरकत होते आणि आजी त्यांना लिलावातल्या आवाजात उचलून घेत होती. दुसऱ्या कडव्याला संचालकांचे खांदे हलू लागले. तिसऱ्याला ते खुर्ची सोडून नाचायला आले. योम कप्तान आधी हाताची घडी घालून बसला होता. मग घडी सुटली, मग टाळी आली, आणि शेवटी तोच सगळ्यांत मोठ्याने ओरडला, “अजून एक! आजी, अजून एक!”

संचालकांना निकाल सांगावाच लागला नाही. योमने स्वतःच टेबलं तळघरात नेली.

मित्रांनो, पुढे नवे संगणक आले आणि मी एका फोल्डरमध्ये पडून राहिले. तक्रार नाही. पण एक मागणं आहे. कुणी हाताने केलेली वस्तू अडली, तर ती लगेच उतरवून ठेवू नका. तिला धरून थोडी इकडेतिकडे सरकवून बघा, कोपरे तपासा, करणाऱ्याला हाक मारा. तिचा दोष कदाचित एकाच पायरीचा असेल, आणि तिच्या भरवशावर कुणीतरी गायला उभं राहिलेलं असेल.