रंगाऱ्याचा घास

काळ्या फिल्मवर श्वासनलिका स्पष्ट दिसत होती, आणि ती सरळ नव्हती. गर्दीत कुणी खांदा मारून बाजूला सारावं तशी डावीकडे कलली होती, आणि तिच्या उजव्या अंगाला तो पांढुरका गोळा... मागच्या फिल्मपेक्षा नक्की मोठा, सावकाश, निर्लज्जपणे वाढलेला. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून तिनं फिल्म उजेडात धरली होती. दुसऱ्या हातातला चहा निवत चालला होता, आणि तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर — शाब्बास.

हो, शाब्बास. वकिलीत लाजून पोट भरत नाही.

गळ्यात ही गाठ होती म्हणून तिचा अशील, रंगारी, अजून जिवंत होता. दोन माणसं मारली होती त्यानं. ते तो पहिल्या दिवसापासून कबूल करत होता आणि तीही कधी नाही म्हणाली नव्हती. अपील गेलं, दयेचा अर्ज गेला, उरली ती ही एकच गोष्ट — या गळ्याच्या माणसाला फाशी देता येत नाही. दोर त्या गाठीवर नीट बसणार नाही, मान मोडणार नाही, गाठ फुटेल, रक्त श्वासनलिकेत उतरेल आणि माणूस आपल्याच रक्तात बुडत लटकत राहील. मरण झटपट यावं असं कायदाच म्हणतो, मग पाळा ना! सरकारी वकील मागच्या तारखेला हसत म्हणाला होता, "म्हणजे फाशीला आता तब्येत ठणठणीत लागणार की काय?" आणि ती तिथल्या तिथे म्हणाली होती, "हो, लागणार. नियम तुमचाच आहे. आजारी माणसाला तुम्ही आधी बरा करता, मग मारता." न्यायाधीशसुद्धा ओठ दाबून हसले होते. घरी येईपर्यंत ती ते वाक्य मनात घोळवत होती, चघळत होती. असं वाक्य रोज सुचत नाही.

उद्या निकालाआधीची शेवटची सुनावणी. ती जिंकणार होती. हा काही भाबडा आशावाद नव्हता. समोरच्याचे सगळे मुद्दे तिला त्याच्याआधी सुचत, इतकी साधी बाब होती.

तुरुंगाच्या दवाखान्याबाहेर डॉक्टर तिची वाटच पाहत होता. सदऱ्याचं वरचं बटण तुटलेला, झोप न झालेला माणूस.

"मॅडम, मंजुरी आली. ऑपरेशनची. मोठं इस्पितळ, चांगला सर्जन, सगळा खर्च सरकारचा."

क्षणभर तिला कळलं नाही. मग कळलं. तिचंच वाक्य होतं ते — तिनं कोर्टात फेकलेलं, त्यांनी अलगद झेललेलं.

"बरा करून मारणार तर."

"मी बरा करतो. पुढचं माझ्याकडे नाही."

"छान हात झटकता हो, डॉक्टर."

"झटकतो. पण तुम्ही त्याला रात्री बघितलंय? आडवा झाला की श्वास अडकतो, भिंतीला टेकून बसून झोपतो तो." डॉक्टर थांबला. "सही त्याचीच लागेल. तो म्हणतो, वकीलबाईंना विचारल्याशिवाय नाही."

मग प्रश्नच मिटला! ती ताडताड चालत मुलाखतीच्या खोलीकडे निघाली, चालता चालताच मुद्दे रांगेत उभे राहिले. ऑपरेशन म्हणजे गाठ गेली, गाठ गेली की अर्ज गेला, अर्ज गेला की... एवढं तर शेंबड्या पोरालाही समजेल. लहानपणी परीक्षेच्या सकाळी आईनं दिलेली तापाची गोळी ती गालात धरून ठेवायची आणि आईची पाठ वळली की खिडकीतून थुंकून द्यायची. तापच हवा असायचा तिला, ताप म्हणजे सुटका. आता एका माणसाला तेवढंच तर सांगायचं होतं. थुंकून दे.

रंगारी टेबलापलीकडे बसला होता. मान एका बाजूला, कुणाचं तरी बोलणं कान देऊन ऐकावं तशी. पुढ्यात दुधाची वाटी आणि पाव.

"या, ताई. तुमच्या ऑफिसच्या भिंतीचे पापुद्रे काढले का?"

"वेळ कुठंय मला."

"खरवडून घ्या आधी. ओलीवर रंग चढवला की रंगाऱ्याला शिव्या बसतात." घोगरा, खरखरीत आवाज. "डॉक्टर भेटला?"

"भेटला. आणि तू सही करणार नाहीस."

ती तयारीतच होती. तो चिडेल, रडेल, दुखणं माझं आहे म्हणेल, आणि त्या प्रत्येकाचं उत्तर तिच्या जिभेवर होतं.

"बरं," तो म्हणाला. "तुम्ही सांगाल तसं."

तिनं फाईल उघडली आणि तशीच मिटली.

"फक्त माझं जेवण बघा, मग सांगा. घाईत असता तुम्ही, कधी बघितलं नाहीत."

त्यानं पावाचा नखाएवढा तुकडा दुधात बुडवला, तो पार विरघळेपर्यंत धरला, तोंडात ठेवला. डोळे मिटले. टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट पकडली — कधीकाळी उंच शिडीवर निवांत ब्रश फिरवणारे हात — आणि तो घास ढकलू लागला. मानेच्या शिरा तटतटल्या. गाठ वर आली, थांबली, खाली गेली, पुन्हा वर आली. नाकातून दूध आलं. ते त्यानं बाहीला पुसलं, आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं पुन्हा ढकलू लागला. दाराशी उभा असलेला शिपाई भिंतीकडे बघत होता. तिला वाटलं आपणही बघावं भिंतीकडे. पण मी वकील आहे त्याची, मी बघणार... बघितलं तिनं. सगळं.

अखेर तो एवढुसा तुकडा गेला.

"उतरला," तो हसून म्हणाला. "आता बोला."

काय बोलू? मुद्दे तर सगळे जागच्या जागी होते, एकही हलला नव्हता. जिवंत राहणं आधी, गिळणं मग — यात चूक कुठं आहे? दाखवा मला कुणीही!

"उद्या सकाळी सांगते," ती म्हणाली. हे वाक्य तिनं आयुष्यात कुठल्याही अशिलाला ऐकवलं नव्हतं.

"सावकाश सांगा. मी कुठं जातोय?" तो म्हणाला आणि वाटी स्वतःकडे ओढली.

बाहेर रस्त्यावर ऊन रखरखत होतं. ती नेहमीच्याच चालीनं निघाली, आणि डोक्यात उद्याचा युक्तिवादही नेहमीसारखा सुरू झाला — स्पष्ट, खणखणीत, एका पाठोपाठ एक, कुठं फट म्हणून नाही. त्यांनी त्याला चार भिंतींत कोंडलंय. मी कुठं कोंडलंय? त्याच्याच गळ्यात. आणि किल्ली माझ्याकडे दिलीय त्यानं, हसत. सरकारवर रागावणं तिला फार सोपं जायचं. आजही राग होता, ढीगभर होता, पण तो जिकडे फेकावा तिकडून थोडा तिच्याकडे परतत होता.

ती बरोबर होती. तसूभरही फरक पडला नव्हता, उद्या पडणारही नव्हता. फक्त ते आता तिला आवडत नव्हतं... आणि तरीही तिची पावलं मंदावली नव्हती.