गिराणातलं गुऱ्हाळ

ऐंशी सालच्या सूर्याच्या गिराणाला कालिंदीनं सारं सोडून हंबीररावमामाचा मळा धरला, त्यात तिचा हिशोब होता. गुळाचा हंगाम, पंचगंगेकाठी धूर एवढा की वर गेलेला बगळा कावळा होऊन खाली उतरावा! पण गिराणात कुणी चूल पेटवत न्हाय. आभाळ धुतल्यावानी मिळणार.

दुर्बिणीवर बसणारी तिच्या खगोलाच्या खात्यातली ती पयली बाई. सायबानं बजावलंवतं, "सूर्याचे फोटो आले नाहीत, तर दुर्बीण पुन्हा मागायची नाही."

दुपारी चंद्रानं सूर्याचा लचका तोडला. गावातली दारं लागली, कुत्रं बी भुंकंना. कालिंदीनं फोटोची पयली काच दुर्बिणीला चढवायला घेतली, आन् कागदावर पडलेलं सूर्याचं बिंब गढूळ! वळून बघती तर मामाचंच धुराडं भकाभका ओकतंय.

ती पळतच गुऱ्हाळात गेली. "मामा, हे काय?"

"तुझ्यासाठनं की!" मामाची छाती फुगलेली. "भाची सांगती गिराण म्हंजी नुसती सावली, आन् मामानं भिऊन चूल विझवायची? अख्ख्या गावाला सांगून आलोय!"

काहील अशी की हत्ती डुंबावा. रस उकळ्या फोडत होता. गूळ शिजवणारा जोतीराम म्हणाला, "ताई, आता जाळ काढला तर गूळ धरायचा न्हाय. सगळी काकवी."

शेजारची झुंबरबाई खिडकीतनं वरडली, "बघू की, गिराण जिकतंय का हंबीरराव!"

कालिंदीनं विझवा म्हणावं तर मामाची मान खाली, आन् शिकलेली बी भ्याली म्हणून गाव हसणार. गप बसावं तर सूर्य हातचा निघाला. बाहेर ऊन आजारी माणसागत पिवळं पडत चाललंवतं.

"मामा, जाळ काढा."

"भ्यालीस व्हय गं?"

"धूर आडवा येतोय! काय बी समजा, पण काढा!"

मामानं तिच्याकडं बघितलं. मग जोतीरामाला बाजूला सारून त्यानंच पेटती चिपाडं वडली आन् वर पाण्याची घागर उपडी केली. कालिंदी उलट्या पावली पळाली. धूर फाटला, आत कोयत्यागत सूर्य. काचेमागनं काच तिनं चढवली.

सांजच्याला गोठ्याला घोंगडी टांगून, अंधार करून तिनं फोटोच्या काचा धुतल्या. भायेर मामा गावाला काकवी वाटत होता. झुंबरबाईनं तांब्या पुढं केला. "एवढी दुर्बीणवाली, पण तिनं बी गिराणात चूल विझवलीच की!"

"मावशी, धुरासाठनं..."

"व्हय व्हय, धुरासाठनं!" सगळी खिदळली.

मामानं मान वर केली न्हाय. पळी बुडवत इचारलं, "फोटू आलं?"

"आलं, मामा."

"मग गप. सांगत बसू नगं."