आज्याच्या मुलखातली गाणी

“लालासाहेब, ह्यो कुठला गोंधूळ लावलायस रं?” गव्हाचा डबा खाली ठेवत नाथाजीनं विचारलं. गिरणीच्या घरघरीवर मात करत स्पीकरमधून गिटार कडाडत होती.

“इटलीचं गाणं हाय! थांब, आता ड्रम येतोय बघ!” पिठानं पांढरा झालेला हात लालासाहेबांनी वर धरला आणि ड्रमच्या पहिल्या ठोक्याला खाली आणला. “आला का न्हाई?”

“एक तरी शब्द कळतोय व्हय तुला?”

“कुओरे म्हंजे काळीज. दर दोन गाण्यांत एकदा येतंयच. बाकीचं आवाजावरनं कळतंय गड्या.”

लष्करात बावीस वर्षं गाडी चालवून परतलेले लालासाहेब औंधजवळच्या गावात गिरणी चालवत. साठीला आल्यावर त्यांना हे वेड लागलं. त्यांच्या आईचे वडील, अर्जुना, दुसऱ्या महायुद्धात इटलीत कामी आले, तेव्हा आई, बनुबाई, पाळण्यात होती. गेल्या दिवाळीत पेटी आवरताना पलटणीचं जुनं पत्र लालासाहेबांच्या हाती लागलं. त्यात आजोबा पडले त्या गावाचं नाव होतं, कास्तेलनेरो. त्यांनी ते मोबाईलला बोलून दाखवलं. वाटलं होतं, स्मारकाचा एखादा दगड दिसेल. दिसला एक चौक. माणसांनी गच्च भरलेला, मंचावर चार पोरं आणि घोगऱ्या आवाजाची एक बाई. ती गायला लागली आणि लालासाहेब हातातलं पत्र घडी करायचंच विसरले.

मग एका गाण्यातून दुसरं सापडत गेलं. समुद्रकाठच्या नाचऱ्या चाली. सत्तरच्या दशकातली वीस-वीस मिनिटांची रॉक गाणी, ज्यांत गिटारींच्या धुमश्चक्रीत मध्येच बासरी शिरे. आवडलेले शब्द ते कॅलेंडरच्या पाठीमागे देवनागरीत उतरवून घेत. अमुक गायक ओरडतो तेव्हा चिडलेला नसतो, विनवत असतो, हे त्यांनी कुणी न सांगता ओळखलं होतं.

घरात मात्र बंदी होती. कुठली गाणी ते कळताच बनुबाई कडाडल्या होत्या, “ज्या मुलखानं माझा बाप गिळला, तिथली गाणी माझ्या घरात वाजायची न्हाईत!” चौकाचं तर लालासाहेबांनी त्यांना सांगितलंच नव्हतं.

त्या दुपारी नाथाजी अजून गिरणीतच होता. जेवायची वेळ टळली, फोन लागेना, म्हणून बनुबाई काठी टेकत स्वतःच गिरणीत आल्या. लालासाहेब मोबाईलमध्ये तोच चौकातला कार्यक्रम बघत होते. आईला पाहून त्यांनी मोबाईल पालथा ठेवला.

“ऱ्हाऊ दे. काय येवढं बघतोस?”

“आय... आज्या जितं पडला, त्ये गाव हाय ह्ये.”

बनुबाईंनी हात पुढे केला. मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन त्या बघत राहिल्या. गाणाऱ्या बाईनं माईक गर्दीकडे वळवला होता आणि सगळा चौक गात होता. बापाच्या खांद्यावर बसलेली एक चिमुरडी दोन्ही हात हलवत होती. पुढच्या खुर्चीत डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी ओठ हलवत होती.

“ही सगळी तिथलीच माणसं?”

“व्हय, आय.”

“दर साली जमत्यात?”

“दर उन्हाळ्यात.”

बनुबाई पोत्यावर टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, “मला आपलं वाटायचं, आबा कुठंतरी रानात एकलाच पडलाय.”

नाथाजी दळणाला आलेल्या बायांना हातानंच थांबा म्हणाला.

“लाला, ऐकू येईना नीट. ते मशीन बंद कर की.”

लालासाहेबांनी बटण दाबलं. पट्टा फिरत फिरत थांबला. गाणं संपत आलं होतं. बनुबाईंनी मोबाईल लेकापुढे धरला.

“पयल्यापासनं लाव.”