टेकाडावर चढलेली सावली

मित्रांनो, भाजे गावच्या रानातल्या सागाची मी फांदी. आता एक जुनी मापकाठी. लाकूडतोड्या कोंडाजीनं मला तासलं, तेल पाजलं, सरळ केलं. झाड पाडण्याआधी तो मला उन्हात उभी करी. माझी सावली माझ्याएवढी झाली, की झाडाची सावलीही झाडाएवढी. मग शेंड्यावर न चढता उंची कळे. गावानं नावाजलं की मी फुशारून जाई.

मळवली स्टेशनावरून विजेची गाडी नव्यानं धावू लागली, त्या वर्षीची गोष्ट. जैतुनबीच्या दारचा ऐन, जुना उंच वृक्ष, घराच्या बाजूनं पोखरला होता. पडला तर तिकडंच पडणार. आणि घरात तिची लेक लैला, कालच बाळंत झालेली. छटीपर्यंत, म्हणजे सहाव्या दिवसापर्यंत, बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, असा रिवाज.

सकाळी कोंडाजीनं मला खळ्यावर उभं केलं, ऐनाची सावली मापली.

"मावशी, शेंडा अंगणातच पडंल. लैलाला आत निजू द्या." त्यानं कुऱ्हाड उचलली.

"थांब रं!" जैतुनबी आडवी आली. "काठी सपाट खळ्यावर, अन् ऐनाची सावली टेकाडावर चढलीय. दोघांची भुई एक हाय का?"

"तुमी नातवाला झोका द्या, झाडाचं मी बघतो."

"अरं, चढावर सावली आखडती!"

कोंडाजीनं कुऱ्हाड खाली ठेवली. मी, माझी सावली आणि तिरपं ऊन, असा एक त्रिकोण; ऐनाचाही तसाच वाटे, फक्त मोठा. ऊन दोघांवर सारखंच कललेलं. पण माझ्या पायाशी काटकोन होता, त्याच्या पायाशी नव्हता. कोनच जुळेना, तर बाजू कुठून जुळणार?

दुपार कलली. सावली फिरून सपाट खळ्यावर उतरली. वारा वाढला, ऐन कण्हू लागला. माझी सावली पुन्हा माझ्याएवढी होताच कोंडाजीनं ऐनाची मापली. मग बुंध्यापासून काठी टाकत टाकत तो घराकडे निघाला. अंगण संपलं, माप संपेना. शेवटची टाकली, ती घरात लैलाच्या बाजेला लागली.

"बाज उचला!" कोंडाजी ओरडला.

"पण छटी..." कुणी पुटपुटलं.

"लेकरू राहिलं तर छटी!" जैतुनबी कडाडली.

शेजारच्या चौघांनी लैला अन् बाळासकट बाज बाहेर काढली, विहिरीपर्यंत नेली. तोच वावटळ उठली. कुऱ्हाड न लागताच ऐन मोडला आणि खापऱ्या फोडत आत घुसला. धुरळ्यात काही दिसेना. मग बाळ रडलं. जैतुनबीनं त्याला पदराखाली घेतलं.

मित्रांनो, दोन त्रिकोण एकसारखे वाटले म्हणून फसू नका. कोन त्याच्या जोडीच्या कोनाशी, बाजू तिच्या जोडीच्या बाजूशी लावून पाहा. आणि मला भिंतीला तिरकी टेकवू नका, आडवी ठेवा, वाळवीपासून जपा. मी वाकले, तर तुम्हाला कळणार नाही. कुणाच्या तरी छपराला कळेल.